चंदूदादांची थोरली मशीन

चंदूदादा कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. कलिंगडाला आपण सगळेच तसं करतो. दादा दाराच्या फळीला करायचे, पाण्याच्या टाकीला करायचे, वहिनींनी बाजारातून आणलेल्या पातेल्याला करायचे. "वाजवून बघू" हे त्यांचं बहुतेक प्रश्नांना उत्तर होतं. मी पहिल्यांदा महाडजवळच्या नाते गावात त्यांच्या घरामागची भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा नाव विचारण्याआधी त्यांनी माझ्या पत्र्याच्या पेटीवर टकटक केलं.

"रिकामी हाय रे ही."

"हो," मी म्हणालो. आत दोन शर्ट आणि एक चादर होती, पण तेवढ्यानं आवाज बदलत नव्हता.

"बरं हाय. जाताना भरून ने."

मी वाशीमकडचा. नववीतच शाळा सोडली आणि जिथं काम तिथं मी, असं चाललेलं. महाडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागलो तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं आणि मला कशाचीही धास्ती वाटायची. फोन वाजला की घरी काहीतरी झालं असणार. सुपरवायझरनं हाक मारली की काम गेलं असणार. दादांना हे लवकर कळलं, पण त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही. ते तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले कारकून आणि गावच्या गायन पार्टीत गिटार वाजवणारे. एका संध्याकाळी मला विहारात तालमीला घेऊन गेले आणि कोरसात उभं केलं.

"दादा, मला गाता येत नाही."

"तोंड उघडता येतं ना? उघड. आवाज आला तर आला. नाय आला तर लोकांना वाटंल, गातोय."

पहिल्या कार्यक्रमात मी नुसतं तोंड उघडलं. तिसऱ्या-चौथ्या कार्यक्रमापासून आवाजही यायला लागला. परक्या मुलखात मला माणसांच्या ओळीत उभं राहायला मिळालं ते असं. त्याचे उपकार कसे मोजायचे ते मला अजून कळलेलं नाही.

दादांची गिटार साधी होती, पण तिची मशीन साधी नव्हती. आमच्यात अॅम्प्लिफायरला मशीनच म्हणतात. दादा तरुणपणी मुंबईत एका ऑर्केस्ट्रात होते. तो मोडला तेव्हा वाटणीत त्यांच्याकडे ही आली. लाकडी खोका, पुढं जाळी, आत दोन मोठे स्पीकर आणि मागं काचेच्या नळ्या. नळ्या तापून पिवळ्या होईपर्यंत आवाज यायचा नाही. दादा तोवर हात बांधून शांत उभे राहायचे. "तिला जागी होऊ दे," म्हणायचे. वहिनी तिला कपाट म्हणायच्या. "तुमचं कपाट भिंतीला लावा हो, मला केर काढायचाय." तिला उचलायला दोन माणसं लागायची. एका कडीला दादा आणि मी आल्यापासून दुसऱ्या कडीला मी. स्टेजवर ती मधोमध ठेवायची आणि तिला पाठ टेकून तुळशीरामकाका ढोलकी घेऊन बसायचे. काका दादांचे शाळेपासूनचे सोबती. बोलणं कमी, हसणं जास्त. कुणी काही विचारलं तरी हसायचे.

मग दादांच्या कमरेच्या दुखण्यानं उचल खाल्ली. डॉक्टरांनी बजावलं की वजन उचलायचं नाही. आमचे कार्यक्रम तर अशा वाड्यांवर, जिथं टेम्पो खालीच थांबतो आणि पुढं चढण. एकदा कुडपणला वर जाताना दादा मध्येच मशीन खाली ठेवून तिच्यावरच बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी त्या दिवसापासून त्यांच्या मागं लागलो. दादा, ही बदला, नाहीतर कार्यक्रम बंद होतील.

बदलायला गिऱ्हाईकही तयार होतं. पोलादपूरचा प्रतीक, मुंबईत हॉटेलांतून गिटार वाजवायचा, सुट्टीत घरी यायचा. काचेच्या नळ्या बघून त्याचे डोळे चमकायचे.

"अंकल, ऐसा साऊंड आता मिळत नाय. मला द्या ना. माझा नवा अॅम्प घ्या बदल्यात. बॅगेत मावतो, बॅटरीवर पण चालतो. साठ टाइपचे आवाज हायत त्याच्यात."

"साठ?" दादा म्हणाले. "मला एकच लागतो रे."

"तो पण आहे, अंकल."

"वाजवून बघू," दादा म्हणाले, आणि मग कितीतरी दिवस बघितलंच नाही. पार्टीत सगळ्यांची मतं ठरलेली होती. कीबोर्डवाला सुहास म्हणायचा, "दादांना मोठ्या आवाजाची हौस, दुसरं काय." आमचा गायक म्हणायचा, "त्या खोक्यापुढं माझा आवाज कुणाला येतो? द्या एकदाचं त्याला." दादा हे सगळं तोंडावर ऐकून घ्यायचे. उलट कधी बोलले नाहीत. फक्त वहिनींनी विषय काढला की म्हणायचे, "अगो, बघू गो. घाई हाय काय कुठं?" घाई मला होती. कमरेचा पट्टा बांधून ते मशीनच्या कडीला हात घालायचे तेव्हा माझी कडी मी आधीच उचलून धरायचो.

शेवटी प्रतीकनं आपली छोटी मशीन आठ दिवसांसाठी आणून ठेवली. त्याच आठवड्यात कापडे गावात दुपारचं लग्न होतं. आम्ही ती घेऊन गेलो. जीपमधून उतरताना दादांच्या एका हातात गिटार, दुसऱ्या हातात मशीन. मला इतका आनंद झाला की मी रिकामे हात हलवत चाललो.

आवाज स्वच्छ आला. गायक खूश होता. पहिलं गाणं बरं गेलं. ते काकांना झोपेतही येत असावं. दुसऱ्या गाण्यात ढोलकी पुढं पळायला लागली. काका दादांच्या हाताकडे बघत होते, पण दादा उभे होते, पुढं होते, पाठमोरे. कडव्यानंतर थांबायचं होतं. सगळे थांबलो. ढोलकी थांबली नाही. भरल्या मांडवात एकटी ढोलकी वाजत राहिली आणि काका हसऱ्या चेहऱ्यानं तिच्यात रंगलेले. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "काका, नवरी गेली घरी!" लोक हसले.

दादा वळले. त्यांनी काकांच्या त्या पळत्या ठेक्यावरच गिटार सुरू केली, जणू हे असंच ठरलेलं होतं, आणि मला मानेनं खूण केली. मी तोंड उघडलं. कोरसानं धृपद उचललं, दादा मागं सरकत सरकत काकांच्या समोर आले, आणि डोळ्यांनी त्यांना थांबवलं. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, खास चीज होती.

परतताना जीपमध्ये सुहास म्हणाला, "काका आज झोपले होते काय?"

"माझी तार उतरली होती," दादा म्हणाले. "माझ्यामुळं झालं ते."

काका खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी हे ऐकलं नाही. मला तेव्हा वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करताहेत.

घरी आल्यावर मी छोटी मशीन ओटीवर ठेवली. दादा पायरीवर बसून चपलेचा बंद सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "वाशीमकर, ही प्रतीकला परत करायची."

"का दादा? तार उतरली तर तिचा काय दोष?"

"तार नव्हती उतरली." त्यांनी चप्पल काढून पायरीखाली ठेवली. "तुळश्याला ऐकू येत नाय रे. दोन-तीन वर्षं झाली. आता तर अजिबात नाय."

"मग वाजवतात कसे?"

"पाठीनं ऐकतो. थोरल्या मशीनला टेकून बसतो ना? लाकूड हलतं ते त्याला पाठीत लागतं. एवढ्याशा डब्याला काय टेकणार तो?" मग म्हणाले, "कुणाला बोलू नको. पार्टीत कळलं तर दुसरा ढोलकीवाला बघतील. तो घरी बसला तर महिन्यात संपंल."

"आणि तुमची कंबर?"

"ती माझी हाय ना? मग झालं तर."

मी खोलीत जाऊन पडलो. एका बाजूला या माणसाचा मणका, दुसऱ्या बाजूला त्या माणसाची ढोलकी, आणि कडी धरणारा मी.

सकाळी काकाच आले. ढोलकी खांद्याला होती. ओटीवर बसले आणि नेहमीसारखे हसले नाहीत.

"चंद्या, दे तो थोरला खोका त्या प्रतीकला."

दादा त्यांच्या अगदी समोर बसले. काकांशी ते कधी ओरडून बोलायचे नाहीत. समोर तोंड करून, ओठ नीट हलवून, सावकाश बोलायचे. मी इतके दिवस समजत होतो की ती त्यांची लकब आहे.

"नाय देत."

"काल मांडवात लोक हसले. मला दिसतं, चंद्या. कान गेले, डोळे नाय गेले."

"हसले ते नवरदेवाला."

"थापा मारू नको. तुझ्या कमरेचं मला सांगितलं हाय वहिनीनं. तू तो खोका उचलणार आणि मी त्याला टेकून बसणार? लाज नाय काय मला? मी येत नाय उद्यापासून."

"तू नाय तर मी पण नाय."

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "मग काय हा एकटा गाणार?"

वहिनी आतून म्हणाल्या, "त्यापेक्षा दोघं गप्प बसा आणि चहा घ्या."

चहा झाला. दादा बराच वेळ काकांच्या ढोलकीकडे बघत राहिले. मग उठून गिटार आणली, छोटी मशीन लावली आणि काकांच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली. हे मी कधी पाहिलं नव्हतं. दादा गिटार कायम उभं राहून वाजवायचे, पट्टा खांद्याला, एक पाय पुढं. स्टेजवर त्यांच्यासारखं उभं राहणारं आमच्यात कुणी नव्हतं आणि ते त्यांना माहीत होतं. त्यांनी आपला गुडघा काकांच्या मांडीला घट्ट लावला आणि वाजवायला सुरुवात केली. ठेक्याला गुडघा दाबायचा, सोडायचा.

काकांनी दोनदा हात उचलून खाली ठेवला. तिसऱ्यांदा थाप दिली.

"टोचतो रे तुझा गुडघा," ते म्हणाले. "मांसच नाय त्याला."

"तुझ्या वहिनीला सांग. तीच वाढते मला."

छोटी मशीन प्रतीककडून आणखी थोडे दिवस मागून घेतली आणि पुढचे पंधरा-वीस दिवस रोज सकाळी ओटीवर हे चाललं. थांबायचं असलं की गुडघा काढून घ्यायचा. लय चढवायची असली की पावलानं पाऊल दाबायचं. कधी जमायचं, कधी दोघं एकमेकांवर खेकसायचे. मग एक दिवस प्रतीक आला आणि थोरली मशीन घेऊन गेला. दादांनी तिची जाळी ओल्या फडक्यानं पुसून दिली आणि त्याला सांगितलं, "घाई करू नको. जागी होऊ दे तिला." गाडी वळेपर्यंत ते अंगणात थांबले. वहिनींनी त्या जागी तांदळाचं पिंप ठेवलं. दोन दिवसांनी त्यांनीच ते हलवलं आणि जागा रिकामी ठेवली.

स्टेजवर दादा खाली बसायला लागले तेव्हा सुहासनं विचारलं. दादा म्हणाले, "कंबर धरते रे उभं राहून." ते खोटंही नव्हतं. पुढच्या रांगेतल्यांना ते आता कीबोर्डच्या आड दिसायचेही नाहीत. त्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

माझं महाडचं कंत्राट संपलं आणि गुजरातेत काम मिळालं. आज मी तिथंच आहे. निघण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम कुडपणला होता. चढणीवर दादा माझ्यापुढं चालत होते, मशीन झोळीत, आणि मी नेहमीप्रमाणे घाबरलो होतो. नवं गाव, नवी भाषा, कसं निभेल? विचारलंही तसं. ते म्हणाले, "तिकडं पण कुणीतरी गात असंलच. जाऊन ओळीत उभा राहा."

शेवटचं गाणं संथ होतं. काका डोळे मिटून वाजवत होते. दादांनी गुडघा काढून घेतला आणि ढोलकी तिथंच, नेमक्या जागी थांबली. अख्खी वाडी टाळ्या वाजवायला लागली. काकांनी डोळे उघडले, समोरचे हलणारे हात पाहिले आणि दादांच्या कानाशी वाकून विचारलं, "जोरात हायत काय रे?"

दादांनी गिटार बाजूला ठेवली आणि काकांच्या मांडीवर दोन्ही हातांनी टाळी वाजवायला सुरुवात केली. लोक जेवढ्या जोरात वाजवत होते, तेवढ्या जोरात. लोक थांबले, तरी दादा थोडा वेळ वाजवतच राहिले.