धुतलेले बूट

माझी मुलगी दुसरीत आहे. सकाळी मी पॉलिश करून दिलेले तिचे बूट दुपारी ओलसर होऊन यायचे, पण सकाळपेक्षा स्वच्छ. विचारलं की नुसती हसायची. पोरगी काय लपवतेय या धास्तीने एक दिवस मी स्कूटर काढली आणि शाळेच्या व्हॅनमागे गेले.

अंबरनाथच्या शाळेतून कात्रपला आमच्या घराकडे यायचं सोडून व्हॅन जांभूळच्या बाजूला वळली आणि एका शेताच्या बांधाशी थांबली. मुलं ओरडत चिखलात उतरली. कुणी खेकड्याच्या बिळात काडी घालत होतं. माझी मुलगी चक्क आंब्याच्या खालच्या फांदीवर! तिच्याखाली हात पसरून उभे होते व्हॅनवाले काका, पन्नाशीचे, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पंधरा मिनिटांनी त्यांनी शिटी वाजवली. मुलं रांगेत आली. काकांनी डिकीतून बादली काढली, दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक बूट घासला, पुसला आणि नाड्याही बांधून दिल्या.

मी भांडायलाच पुढे गेले. "आम्हाला विचारायचं तरी!"

काका माझ्याच मुलीचा बूट पुसत होते. मान खाली घालून म्हणाले, "विचारलं असतं तर हो बोलला असता काय, ताई?"

मी स्कूटर वळवली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी तिच्या दप्तरात मी जुन्या चपला ठेवल्या. दुपारी बूट कोरडे आले. पाय मात्र नखांपर्यंत घासून धुतलेले होते.