तिसरी पाकळी

आमच्या वाडीत वीज येण्याआधी विजेनं आमच्या घरातला माणूस नेला. वडील लाईनच्या ठेकेदाराकडे मदतनीस होते. पोलादपूरहून आंबेनळीकडे चढताना ज्या वाड्या लागतात, त्यांतल्याच एका वाडीजवळचा खांब. लाईन बंद आहे, असं खालून कुणीतरी सांगितलं. वडील वर चढले, आणि लाईन बंद नव्हती. मी तेव्हा चौथीत होतो. पुढं आई शाळेत मुलांची खिचडी शिजवायला लागली. तळाला लागलेली खरवड ती डब्यात घालून घरी आणायची. करपलेल्या भाताचा वास आला की आजही माझा घास अडतो. पण त्याच खरवडीवर मी वाढलो आणि आमच्या भावकीतला पहिला इंजिनियर झालो. हे मी मान ताठ ठेवूनच लिहितो.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं स्वतःचं वीजघर आहे. तिथली सगळी विद्युत यंत्रणा आणि तिची देखभाल माझ्याकडे. कुठल्याही केबलला माणूस हात लावणार असेल तर लाईन बंद असल्याच्या परमिटवर आधी माझी सही लागते. म्हणजे वडिलांना खालून सांगणारा जो कुणीतरी होता, त्याच्या जागी आता मी उभा होतो. असं असूनही, रोज सही करून हात सरावतो. केबलमधल्या तीन फेजपैकी, म्हणजे तीन तारांपैकी, एक टेस्टरनं बघायची आणि तिन्ही बंद आहेत असं धरून चालायचं, ही खोड आमच्याकडे लागली होती. ती मीच खपवून घेतली होती.

देवाधर्माचं म्हणाल तर तो सगळा आईचा कारभार. माझं काही मोठं काम असलं की ती ग्रामदेवीला कौल लावायची. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, आई विचारते, पाकळ्या सुटून पडल्या की देवीचा होकार. ओली पाकळी सुकली की पडणारच, असं मी तिला एकदा पदवीच्या तोऱ्यात सुनावलं होतं. ती एवढंच म्हणाली, "व्हय रे. खिचडी ढवळून तुला हेच शिकवलं ना मी."

एका वर्षी दुरुस्तीसाठी वीजघराचं वार्षिक शटडाऊन चालू होतं. सकाळी अकराच्या सुमारास तिचा फोन आला.

"कौल सुटत नाय रे."

"आई, मी कामावर आहे."

"तीन लावल्या. दोन पडल्या. तिसरी चिकटून हाय."

"ओली असेल."

"गुरव बोलतो, सुकून पापड झालीय. तरी सोडत नाय."

मी चिडून फोन ठेवला आणि सही केलेलं परमिट उस्मानचाचांच्या हातात दिलं. उस्मानचाचा महाडचेच. उमेदीची वर्षं आखातात वायरमन म्हणून काढून परत आलेले. एका पंपाची मोटर आदल्या दिवशी, सगळं वीजघर बंद असताना, दुरुस्तीला काढून नेली होती. तिच्या केबलची तीन उघडी टोकं लोंबत होती, त्यांना नवे लग, म्हणजे जोडणीच्या धातूच्या टोप्या, बसवायचे होते. आज त्या भागात वीज परत आली होती, पण या केबलच्या स्विचची मूठ खाली ओढलेली होती. तिला कुलूप होतं, लाल पाटी होती, वरचा दिवाही हिरवा होता. चाचांनी एका टोकाला टेस्टर लावला. काही नाही. टेस्टर खिशात गेला. चाचांनी केबलकडे हात नेला.

आईचा शब्द माझ्या कानात कुसळासारखा टोचत होता. श्रद्धा वगैरे काही नाही, नुसता वैताग. तरी तोंडातून निघालं, "चाचा, तिन्ही बघा."

चाचा हसले. "काय साहेब, आज आमच्यावर लय जीव आला? आमची चाची पण एवढी चौकशी करत नाय."

दुसऱ्या टोकाला टेस्टर लावला, काही नाही. तिसऱ्याला लावला आणि टेस्टरचा दिवा लागला.

"या अल्ला," एवढंच म्हणून चाचा तिथंच खाली बसले.

मागून पुरवठा बंद करून आम्ही स्विच उघडला. आतल्या तीन पात्यांपैकी दोन मुठीबरोबर सुटली होती. तिसरं जळून आपल्या खोबणीत चिकटून बसलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

चाचांनी विचारलं, "साहेब, तुम्हाला कोण बोललं?"

"आई."

"त्यांना आमचा सलाम सांगा."

रविवारी गावी जाऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, तिला आनंद होईल, निदान एखादा टोमणा तरी मारील. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग खालमानेनं म्हणाली, "तुझ्या बापाच्या वेळी पण एक चिकटली होती. मी बोललेच नाय त्याला. म्हटलं, कामाचा माणूस, पाकळीपायी घरी बसवू काय? आणि तो हसला असता. तुझ्यासारखाच हसायचा."

इतकी वर्षं ती हे मनात घेऊन चुलीपुढं बसली होती आणि मला ठाऊक नव्हतं. मी तिला म्हटलं, तुझा दोष नाही गं, दोष लाईन न तपासता सांगणाऱ्याचा. आणि बोलता बोलता माझीच जीभ अडखळली, कारण त्या सकाळी तसा सांगणारा मीच होतो.

पाकळी का चिकटली, हे मी कुणाला पटवत बसत नाही. मलाही ते कळलेलं नाही. शरण जाणं म्हणजे हात जोडून डोळे मिटणं, असं मी समजत होतो. आता वाटतं, आपल्याला माहीत आहे हा ताठा सोडून पुन्हा विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत हात मागे ठेवायचा. देवीनं मला एवढं दिलं. वडिलांची जागा मात्र रिकामीच राहिली, ती भरायची नाही.

प्रत्येक स्विचवर मी स्वतःच्या हातानं रंगवलंय, 'तिन्ही बघा'. चाचा आता निवृत्त होऊन घरी नातवंडं खेळवतात. आणि त्या दिवसापासून माझ्या सहीवर लाईनीला हात लावलेला प्रत्येक माणूस संध्याकाळी आपल्या घरी पोचला आहे.