भरगच्च मेंदी

ब्रह्मपुरीला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ताई आणि मी लग्नाच्या मुलींना मेंदी काढून द्यायचो. मला तिनेच शिकवलं. पण ताई तळहातावर एक गोल काढायची, त्याच्याभोवती पाचसहा रेघा, बाकी हात मोकळा. मी जाळी, पानं, ठिपके, पुन्हा जाळी, असं कोपरापर्यंत भरत जायची. नमुने बघायला आलेल्या बाया आधी माझ्याच नमुन्यावर तुटून पडत. मग त्यातल्या एखादीची नजर ताईच्या गोलावर जायची आणि तिथंच थांबायची. ते मला सहन व्हायचं नाही.

एका उन्हाळ्यात जवळच्या खेड्यातल्या नवरीनं ताईचा नमुना निवडला. एक हात काढून ताई पाणी प्यायला आत गेली. नवरीच्या मावशीनं मला हळूच विचारलं, "काऊन वं, एवढीच? हात रिकामाच दिसून राह्यला."

"ताईले आता बरोबर दिसत नाई, मावशी," मी म्हणाले. "म्हणून थोडकीच काढते."

साफ खोटं होतं. ताई सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची.

मावशीनं नवरीला मोरीवर नेऊन हात धुवून आणला. ताई बाहेर आली आणि बघतच राहिली.

"डोळे दाखवून घ्या, बाई," मावशी तिला म्हणाली.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी कोन उचलला आणि तिच्या गोलाच्या फिक्या डागावर जाळी काढायला घेतली. बोभाटा गावभर झाला. ताईनं मेंदी सोडली, साड्यांना फॉल लावायला लागली.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. "तूच काढ," मी तिला म्हटलं. मनातून मला तिचा गोलच हवा होता, पण तोंडानं मागितला नाही. ती सगळी दुपार मान खाली घालून काढत राहिली. वाळलेली मेंदी खरवडली, तर रेघेला रेघ इतकी चिकटलेली, की नक्षी अशी उरलीच नव्हती. बोटांपासून कोपरापर्यंत नुसता तांबडा थर, भाजल्यासारखा.

"ताई, हे काय?"

"तुले भरलेलं आवडते ना."

तेवढ्यात शेजारच्या बाया आल्या. "अगं माय, केवढी बारीक! केवढी मेहनत!" प्रत्येकीनं माझे हात उलटसुलट करून पाहिले. ताई कात्री घेऊन साडीचा फॉल कापत बसली होती.

मी अजून मेंदी काढते. कोणी ताईसारखा मोकळा हात मागितला, तर काढता येत नाही म्हणून सांगते.