जहाजाचा मधला तुकडा

माझ्या साडूंना घडवायला घेतलं तेव्हा देवालासुद्धा आधी नकाशा सादर करावा लागला असणार, आणि साडूंनी आईच्या पोटातूनच त्यावर 'सुधारून पुन्हा सादर करा' असा शेरा मारून तो परत पाठवला असणार, याबद्दल आमच्या गोतावळ्यात कुणालाच शंका नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पुण्याचे, शिक्षणानं इंजिनियर. ऐन उमेदीत दुबईला आले आणि तेव्हापासून एका बांधकाम कंपनीत बसून दुसऱ्यांनी काढलेले नकाशे तपासत आले. स्वतः त्यांनी कधी भिंतीत खिळादेखील ठोकला नव्हता, पण दुसऱ्यानं ठोकलेला खिळा कुठे हवा होता ते ते डोळे मिटून सांगत. शेख झायेद रोडवरून त्यांच्या गाडीतून जाणं म्हणजे एक शिक्षा असे. बाकीचे लोक पाहुण्यांना उंच इमारती दाखवतात, साडू त्या इमारतींच्या चुका दाखवत.

"तो निळा टॉवर बघा. त्याचा एक मजला अर्ध्या बोटानं डावीकडे सरकलाय. कुणाला दिसत नाही."

"मग तुम्हाला कसा दिसतो?"

"मलाही दिसत नाही. मला माहीत आहे. ते जास्त वाईट."

घरीही तेच. गणपतीत ताई, म्हणजे माझी मेहुणी, उकडीचे मोदक करायला बसली की हे शेजारी खुर्ची घेऊन बसत आणि कळ्यांमधलं अंतर सारखं नाही म्हणून हळहळत. "अगं, आधी साच्याचं एक ड्रॉइंग करून घेऊ, मग प्रॉडक्शनला जा," असं ते एकदा म्हणाले. ताईनं हातातली पारी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या. करा प्रॉडक्शन." त्या वर्षी नैवेद्याच्या ताटात एक मोदक असा होता की गणपतीनंही तो शेवटी खाल्ला असेल.

असल्या माणसानं पन्नाशी उलटल्यावर लाकडी जहाज बांधायला घेतलं, तेही नकाशांवरून, तेव्हा आम्हाला आश्चर्य वाटायला नको होतं. वाटलं ते याचं, की पाण्याशी त्यांचं हाडवैर. खाडी ओलांडायच्या अब्रात, म्हणजे तिथल्या छोट्या होडीत, पाय ठेवला की त्यांना गरगरतं. सगळं कुटुंब अब्रातून पलीकडे जातं आणि हे पुलावरून गाडी फिरवून आम्हाला घ्यायला येतात. पण कुठूनतरी त्यांनी जुन्या काळच्या एका लढाऊ गलबताचे नकाशे मागवले, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या हॉलच्या भिंतीवरून लग्नाचा फोटो उतरवून तिथे ते चिकटवले, आणि जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. त्या दिवसापासून त्या घरात जेवणारा माणूस ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर बसू लागला.

खरी गंमत पुढेच होती. साडू अख्खं जहाज बांधणार नव्हते. फक्त मधला तुकडा. सुरीनं पाव कापून मधली स्लाइस काढावी तसा. ना पुढचं निमुळतं टोक, ना मागचं सुकाणू, ना शिडं. कणा, त्यावर उभ्या राहिलेल्या बरगड्या, आत दोन मजल्यांच्या तुळया, आणि बाहेरून एका अंगाला फळ्या. दुसरं अंग उघडं, आतलं दिसावं म्हणून.

"बाबा, व्हेअर इज द रेस्ट ऑफ इट?" त्यांच्या लेकीनं विचारलं. ती तेव्हा अकरावीतली. बाप मराठीत बोलला की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि हा करार दोघांनाही मान्य होता.

"रेस्ट नाहीच. एवढंच."

"सो इट वोन्ट फ्लोट."

"बेटा, जहाज तरतं ते मधल्या भागावर. टोकं काय, फोटोपुरती."

घरी येणारा प्रत्येक पाहुणा हाच प्रश्न विचारी आणि साडू प्रत्येकाला तेवढ्याच गांभीर्यानं उत्तर देत. महाराष्ट्र मंडळातले एक गृहस्थ तर "बाकीचं पुढच्या वर्षी का?" असं विचारून गेले, तेव्हापासून साडूंनी त्यांच्याशी बोलणं कमी केलं.

मग घराचं हळूहळू गोदीत रूपांतर झालं. बरगडी म्हणजे एक वाकडी काठी, असा माझा समज होता. तो साडूंनी एका संध्याकाळी पार काढून टाकला. एकेक बरगडी छोट्या छोट्या तुकड्यांची, ते तुकडे दोन थरांत एकमेकांवर सांधे चुकवून डकवायचे, मग घासून घासून नकाशातल्या रेषेला आणायचे. डिंक वाळेपर्यंत ते दाबून धरायला चिमटे लागत, आणि साडूंना एकदम लक्षात आलं की घरात चिमट्यांचा साठा आहे. ताईनं कपडे वाळत घातले होते. वाळवंटाकडून वारा सुटला तेव्हा तिचा परकर उडून खालच्या मजल्यावरच्या इजिप्शियन कुटुंबाच्या बाल्कनीत उतरला. तो भला माणूस परकर घडी करून, वर दोन संत्री ठेवून घेऊन आला. "नो प्रॉब्लेम, हबीबी," तो साडूंना म्हणाला, आणि टेबलाकडे बोट दाखवून, "वेअर इज अदर हाफ?" 

एका शुक्रवारी आम्ही सगळे ममझर पार्कात बार्बेक्यूला गेलो. पनीर, सिमला मिरची, कांदे, सगळी तयारी ताईनं केली होती. बांबूच्या काड्यांचं पुडकं उघडलं तर आत एकही काडी सरळ वापरण्याजोगी नाही. सगळ्या तासून सुईएवढ्या झालेल्या. फळ्या ठोकायला जुन्या काळी लाकडी खुंट्या वापरत, लोखंडी खिळे नव्हेत, आणि खुंट्यांसाठी बांबू उत्तम, असा शोध साडूंना लागला होता. पनीर निखाऱ्यांत पडत राहिलं. आम्ही पाव खाल्ला. "अ‍ॅज पर ड्रॉइंग खुंटीच हवी," साडू म्हणाले. ताई म्हणाली, "आणि अ‍ॅज पर माझं, माणसाला भूक लागते."

असं सगळं चाललं होतं, आणि मग एका उन्हाळ्यात ते थांबलं.

आम्ही शनिवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. दार उघडल्याबरोबर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भुशाचा वास नव्हता. टेबलावर कणा, त्यावर अर्ध्याच बरगड्या उभ्या, आणि सगळ्यांवर धुळीचा पातळ थर. पुढची बरगडी तयार होऊन बाजूला पडून होती. साडू टीव्हीसमोर बसून बातम्या बघत होते, आणि बातमीदाराच्या मागचं कपाट तिरकं आहे हेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ताई हळू आवाजात म्हणाली, "कितीतरी दिवस झाले, हात लावला नाही त्याला."

"ऑफिसात काही झालंय का?"

"रोज वेळेवर जातात. इस्त्रीचा शर्ट, डबा, सगळं नेहमीसारखं. विचारलं की म्हणतात, सगळं शेड्यूलप्रमाणे चाललंय." तिनं आमटी ढवळली. "ह्या माणसाचं आयुष्यात कधी काही शेड्यूलप्रमाणे चाललेलं नाही. म्हणून तर भीती वाटतेय."

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो, ताईनं मुद्दाम बोलावलं म्हणून. जेवणं झाली. साडू बडीशेप घ्यायला उठले, टेबलाजवळून गेले, दोन पावलं पुढे जाऊन थबकले आणि मागे फिरले. मग त्या घरात असा आवाज झाला की माझ्या हातातली वाटी हलली.

"हे कुणी केलं? ही बरगडी कुणी बसवली?"

ताई पदराला हात पुसत बाहेर आली. "मी."

"कुणाला विचारून?"

"कुणीच करत नव्हतं, म्हणून म्हटलं आपण करावं."

"अगं, पण उलटी लावलीस! हिची पुढची बाजू मागे गेलीय! आता हिच्यापुढे एक फळी सरळ बसणार नाही!"

"मग काढा," ताई म्हणाली.

साडूंनी खुर्ची ओढली, दिवा जवळ घेतला, कपाटातून स्पिरिटची बाटली काढली आणि कापसाचा बोळा भिजवून त्या सांध्यावर दाबून धरला. डिंक असा हळूहळूच सुटतो, घाई केली तर लाकूड फुटतं. हॉलभर इस्पितळासारखा वास पसरला. बोळा बदलून दुसरा लावताना, मान वर न करता, ते म्हणाले, "मला काढलंय."

"काय?" माझी बायको म्हणाली.

"कंपनीनं. प्रोजेक्ट बंद झाला. आमचा सगळा विभागच खलास."

"मग तुम्ही रोज जाता कुठे?" मी विचारलं.

"मॉलमध्ये. फूड कोर्टात बसलं तर कुणी उठवत नाही. अर्ज पाठवतो तिथून." मग म्हणाले, "तिथलं छत चांगलं केलंय. बघत बसता येतं."

ताईच्या चेहऱ्यावर काय आलं आणि काय गेलं ते मला नीट सांगता येणार नाही. ती रडली नाही, रागावलीही नाही. तिनं एकच विचारलं, "डबा खात होतात ना रोज?"

"हो."

"सगळा?"

"भाजी कधीकधी राहायची."

"बरं," ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसली.

लेक केव्हा खोलीतून बाहेर आली ते कुणाला कळलं नाही. ती बापाच्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, दिवा मी धरू का?" मराठीत. साडूंनी दिवा तिच्या हातात दिला. बरगडी सुटली तेव्हा संध्याकाळ झाली होती.

परत येताना गाडीत माझ्या बायकोनं ताईला फोन लावून विचारलं, "तू मुद्दाम उलटी लावलीस?" ताई म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं उलटं-सुलटं." तिनं आजतागायत दुसरं उत्तर दिलेलं नाही. पण मी ती बरगडी हातात घेऊन पाहिली आहे. तिच्यावर साडूंनी पेन्सिलीनं ठसठशीत बाण काढला होता आणि बाणापुढे देवनागरीत लिहिलं होतं, 'पुढे'.

त्यानंतरचे महिने सोपे नव्हते. व्हिसाची मुदत, लेकीची बारावी, पुण्याला परत जायचं की नाही याची रोजची चर्चा. पण टेबलावर भुसा पुन्हा पडू लागला होता, आणि साडू जिथे मुलाखतीला जात तिथून काहीतरी खोड काढून येत. तसलीच एक मुलाखत दुबईपासून दीड तासावर, वाळवंटातल्या अल ऐनला झाली. एका इस्पितळाच्या इमारतींची देखभाल बघायची, पद आधीच्यापेक्षा लहान. मुलाखत घेणाऱ्या जॉर्डनच्या साहेबांच्या पाठीमागे भिंतीवर इमारतीचा आराखडा फ्रेम करून लावला होता. साडूंना राहवलं नाही. "सर, तुमच्या मागचा नकाशा जुना आहे. त्यात जिना चुकीच्या बाजूला आहे. मी आत्ताच जिन्यानं आलो." साहेबांनी वळून पाहिलं, पुन्हा साडूंकडे पाहिलं आणि विचारलं, "कधीपासून येतोस?" साडू म्हणाले, "इन्शाल्ला, सोमवारपासून." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची खोड कुणालातरी हवी होती.

लेकीच्या शाळेमुळे ताई डिस्कव्हरी गार्डन्समध्येच राहिली. साडूंनी अल ऐनला एक खोली घेतली. शुक्रवारी दुपारी ते दुबईला येतात आणि रविवारी संध्याकाळी परत जातात. जहाज मात्र एकदाच गेलं. मागच्या सीटवर, पट्टा लावून, दोन्ही बाजूंना उशा देऊन. बरगड्यांना धक्का नको म्हणून साडूंनी सगळा रस्ता अशा वेगानं काटला की वाळूचे ट्रकसुद्धा हॉर्न देत पुढे गेले. मी शेजारी बसलो होतो. उंटांच्या कुंपणाजवळून जाताना ते म्हणाले, "समुद्रापासून लांब चाललोय, हे एक बरं."

मागच्या महिन्यात कामानिमित्त मला अल ऐनला जावं लागलं. ताईनं चिवडा, मेतकूट आणि लोणच्याची बरणी बरोबर दिली. मी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. गल्लीत खजुराच्या झाडांखाली कुणीतरी पाणी सोडलं होतं, बाकी सगळं शांत. दुबईहून आलेल्या माणसाला ती शांतता आधी कानाला टोचते. साडूंनी दार उघडलं, बरणी नीट उभी ठेवली आणि मला खुर्ची दिली. एकट्या माणसाची खोली जशी असते तशी ती होती, फक्त जास्त सरळ. टेबलावर जहाजाचा मधला तुकडा. फळ्यांचं अंग जवळजवळ पुरं होत आलेलं. आणि त्याच्यासमोर, डब्याला टेकवून उभा केलेला त्यांचा फोन.

फोनवर व्हिडिओ कॉल चालू होता, पण साडूंचा चेहरा दिसावा असा तो ठेवलेला नव्हता. कॅमेरा फळ्यांकडे होता. पलीकडे पडद्यावर ताईचाही चेहरा नव्हता. ओट्याचा एक कोपरा, विळी, आणि भाजी चिरणारे तिचे हात.

"रोज असतं हे?" मी विचारलं.

"हो. बोलायचं असं काही नसतं," साडू म्हणाले, आणि एक खुंटी उचलून कामाला लागले.

"मी दिसतोय का, ताई?" मी फोनकडे वाकून विचारलं.

"नका बोलू हो त्यांच्याशी," पलीकडून ताई म्हणाली. "खुंटी बसवतायत ना. मी बघतेय."

मग मी खुर्चीत मागे टेकलो. ते खुंटी बसवत होते, ती भाजी चिरत होती. मधूनच तिकडे लेक येऊन काहीतरी विचारून गेली. एकदा भांडं पडलं तेव्हा साडूंनी नुसतं "हं?" म्हटलं आणि तिकडून "काही नाही" असं उत्तर आलं. दुबईतल्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, थोड्या वेळानं आणखी एक. मला वाटलं साडूंचं लक्ष नाही. ते एका बारीक भोकावर डोळा लावून वाकले होते, श्वाससुद्धा धरून. तेवढ्यात फोनमधून पुन्हा शिट्टी ऐकू आली.

"झाल्या तीन," ते भोकावरची नजर न काढता म्हणाले. "गॅस बंद कर."

तिकडे पडद्यावरून ते हात बाजूला झाले. गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला, आणि मग साडूंनी हलकेच खुंटी आत दाबली.