पूर्व भंडारा क्लबचे सोमाभाऊ

सोमाभाऊंनी स्वतः काढलेल्या क्लबचा एकही गोल कधी डोळ्यांनी पाहिला नाही. आमचा फॉरवर्ड चेंडू घेऊन समोरच्या गोलाकडे निघाला की ते मैदानाकडे पाठ फिरवायचे, दोन्ही कान धरायचे आणि शेजारच्याला विचारत राहायचे, "काय होऊन राहिलं? काय होऊन राहिलं?" गोल झाल्याचं कळलं की वळायचे आणि छाती काढून म्हणायचे, "मले मालूमच होतं." गोल हुकला तरी मालूमच असायचं.

क्लबचं नाव पूर्व भंडारा फुटबॉल क्लब. नावाने मोठा, संसाराने बेताचा. कबड्डीच्या मुलखात हा गोल चेंडू सोमाभाऊंनीच आणला. तरुणपणी ते काही वर्षं नागपूरला गिरणीत होते, तिथे त्यांना या खेळाची बाधा झाली. नोकरी सुटली, बाधा काही सुटली नाही. एकोडीजवळच्या आमच्या गावात परत येऊन त्यांनी धानाची शेती धरली आणि सोबत आम्हा पोरांना धरलं. चेंडूचं चामडं कडक होऊ नये म्हणून ते त्याला मोहाच्या बियांचं तेल चोळत. त्या वासाने गावातली कुत्री सरावाला आमच्यापेक्षा वेळेवर हजर असत.

मैदान म्हणजे सोमाभाऊंची बांधी, म्हणजे धानाचं शेत. कापणी झाली की आमच्याकडे बांधीत लाखोरीचं कडधान्य पेरतात. सोमाभाऊंची तेवढी एक बांधी खेळासाठी रिकामी राहायची. त्यांच्या बायकोला, सरूकाकूंना, हे कधी पटलं नाही. "साऱ्या गावाच्या बांधीत लाखोरी उगवते, आमच्या बांधीत पोट्टे उगवतेत," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. आणि वर त्याच पोट्ट्यांना ताक पाजत.

या मैदानाला एकच खोड होती. त्याच्या बरोबर मधून पाणी अडवणारा मातीचा बांध, आमच्याकडचा धुरा, गेला होता, गुडघ्याला लागेल एवढा. तो फोडा म्हणून आम्ही हात जोडले, पण पुढच्या पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला पाणी कसं थांबणार? तेव्हा आम्ही चेंडू घेऊन धुऱ्यावरून उडी मारायला शिकलो. इतके शिकलो की भंडाऱ्याच्या सपाट मैदानावर पहिल्यांदा खेळलो तेव्हा मध्यरेषेवर आलो की आमचा प्रत्येक गडी नसलेल्या धुऱ्यावरून उडी मारायचा. लोक पोट धरधरून हसले. मी लेफ्ट विंगला होतो, मीही मारली. सोमाभाऊ मात्र खूश. "हसू दे. उडी पायली का समजते, आपली टीम आली म्हनून."

पुढे जिल्हा फुटला. पूर्वेकडचे तालुके गोंदिया जिल्ह्यात गेले आणि पूर्व भंडारा क्लबची निम्मी पूर्व त्यांच्याबरोबर गेली. आमचे पाच चांगले खेळाडू हद्दीपलीकडच्या गावांतले होते. सरूकाकूंचं माहेरही तिकडचंच. "मायी बायको बसल्या जागी परजिल्ह्याची झाली," सोमाभाऊ चार लोकांत सांगत, "आता तिच्याशी बोलावं तरी कसं?" काकू आतून म्हणायच्या, "आधी कोनतं बोलत होते?" क्लबचं नाव बदलावं अशी सूचना आली, तेव्हा ते म्हणाले, "पूर्व कोठी गेली का? सूर्य तं तिकडूनच निगून राहिला."

गंमत अशी की या गमतीच्या पलीकडे जिल्हा फुटल्याचं आम्ही काही मनावरच घेतलं नाही. पलीकडची पोरं सायकल हाणत सरावाला येत, धुऱ्यावरून उड्या मारत, ताक पिऊन परत जात. ती परकी झाली हे ना त्यांना वाटलं, ना आम्हाला.

त्या वर्षी आम्ही जिल्हा स्पर्धेच्या फायनलला पोचलो. सोमाभाऊंनी आयुष्यात एकाच गोष्टीची हाव धरली होती, ती म्हणजे जिल्ह्याची शिल्ड. तिच्यासाठी समोरच्या खोलीत त्यांनी केव्हाच खिळा ठोकून ठेवला होता आणि काकू त्याला बेशरमपणे सूप अडकवत. फायनलच्या सकाळी त्यांनी स्वतः सूप उतरवलं, खिळा पुसला आणि आम्हाला मेटॅडोरमध्ये कोंबलं.

मैदानावर समोरच्या टीमने हरकत घेतली. स्पर्धा भंडारा जिल्ह्याची, आणि यांचे पाच गडी गोंदियाचे. नियम लेखी होता, आम्हीच वाचला नव्हता. संयोजक माणूस भला होता. तो म्हणाला, "मागचं जाऊ द्या. या पाचांना बसवा आणि बाकीच्यांना घेऊन खेळा." आमच्याकडे बदली पोरं होती. कच्ची होती, पण अकरा भरत होते. समोरची टीमही त्या दिवशी काही फार जोरात नव्हती.

पलीकडच्या पाचांतला मनोहर आमचा गोलकीपर. त्याने हातमोजे काढून बदली पोराच्या हातात दिले आणि म्हणाला, "भाऊ, तुमी खेळा. आमी बाहीरून ओरडतो."

टेबलावर शिल्ड ठेवली होती, तिच्याकडे सोमाभाऊंनी बराच वेळ पाहिलं. मग बदली पोराच्या हातून हातमोजे घेऊन मनोहरच्या खिशात कोंबले आणि संयोजकाकडे गेले. "सायेब, आमी घरी जाऊन राहिलो."

"अहो, पण का?"

"धुरा पान्यासाठी असते जी. मानसासाठी नाई."

मला भयंकर राग आला. नोकरी लागली होती, माझा तो शेवटचा हंगाम होता. परतीच्या वाटेवर साकोलीला सोमाभाऊंनी सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घातले. "खा रे. शिल्ड म्हंजे काय, पितळेची परात. आपल्या घरी काय पराती नाई?" मी रागाने आलूबोंडा खाल्ला नाही, आणि हे त्यांनी पुढे माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना सांगितलं. परातीची गोष्ट तर त्यांनी इतक्यांदा सांगितली की ती साऱ्या गावाला पाठ झाली. या माणसाला शिल्डचं काहीच नाही, असं मनोहरसकट सगळे समजून चालले. मीही.

शेवटच्या आजारपणात त्यांना भेटायला मी भंडाऱ्याहून गेलो. सुपाने खिळा कधीच परत मिळवला होता. बोलता बोलता मी विचारलं, "भाऊ, खरं सांगा. त्या दिवशी शिल्ड नकोच होती का तुम्हाला?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. काकू आत होत्या.

"नको कायले? लय पायजे होती रे. अजून सपनात येते."

"मग सोडली काहून?"

"आनली असती तं गाव पाहाले आला असता. मनोहरबी आला असता. त्याले चहा देऊन काय म्हनू? तुले सोडून जिकली, पाह्य कशी चमकते?"

ते म्हणाले, "जाऊ दे. तू काई खाल्लं का नाई? का अजून रागच हाये?"

आठवड्याभराने ते गेले. मी पोचलो तोवर पलीकडची पोरं अंगणात येऊन बसली होती. पोरं कसली, सगळ्यांचे केस पिकले होते. मनोहर माझ्याजवळ सरकला. हलक्या आवाजात त्याने विचारलं, "भाऊले त्या शिल्डचं कधी काई वाटलं नाई, ना रे?"

"छे," मी म्हणालो. "परातच म्हणायचे."