तुटलेल्या दोराची चौकट

माझे वडील बंदर खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांचा कुणावरही चटकन विश्वास बसत नसे. जन्मभर गलबतांचे कागद तपासलेले. माणूस समोर आला की हा काय लपवतोय, एवढंच ते बघायचे. मी रत्नागिरीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते, लग्न झालेलं नव्हतं, घरात आम्ही दोघंच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एका दिवाळीच्या सुट्टीत, मुंबईचा एक फिल्मवाला माझ्या हेडमास्तरांची ओळख सांगत आमच्या ओटीवर येऊन बसला, तेव्हा पाणी विचारायच्या आधी वडिलांनी विचारलं, "बरोबर कोण आहे तुमच्या?"

"कोणी नाही. एकटाच आलोय."

तो गेल्यावर वडील म्हणाले, "फिल्मवाला म्हणे! कॅमेरा नाही, नटी नाही. कसली फिल्म गो ही?"

त्याला चित्रं काढणारं माणूस हवं होतं. शूटिंगच्या आधी सगळी फिल्म कागदावर काढून घ्यायची, एका शॉटला एक चौकट, कॅमेऱ्याला काय दिसेल ते त्या चौकटीत. त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी हौसेने खाडी काढली, माड काढले, किनाऱ्याची घरं काढली. त्याने कागद हातात घेतला आणि म्हणाला, "सुंदर आहे. पण हे बघतंय कोण?"

मला प्रश्नच कळला नाही.

"बुडणाऱ्या होडीतला माणूस बघत असेल तर त्याला माड असे मोजून घेता येतील का? पाणी त्याच्या डोळ्यांपर्यंत आणा. किनारा वाकडा करा."

मी पुन्हा काढलं. पाणी वर आलं, माड कलले, आणि मीच कागदापासून मागे सरकले. मुलांना मी वर्षानुवर्षं निसर्गचित्र शिकवत होते, पण असं काही माझ्या हातून आलं नव्हतं. म्हणून मी त्याचं काम घेतलं.

काम आवडत होतं, माणूस मात्र समजत नव्हता. गोष्ट काय आहे ते तो सांगेना. आज शेवटाकडची चौकट, उद्या सुरुवातीची, असं उलटसुलट काढून घ्यायचा. "गोष्ट कळली की तुम्ही रडवी चित्रं काढाल," म्हणायचा. कुणी ओटीवर आलं की कागद पालथे घालायचा. खाडीच्या मुखापाशी वाळूचा बांध कुठे येतो, ओहोटीला किती पाणी राहतं, मालाचा शिडाचा मचवा कुठून आत शिरतो, सगळं खोदून खोदून विचारायचा. आणि मुखाजवळच्या कोळीवाड्याकडे मला पहिल्यांदा घेऊन गेला तेव्हा चिऱ्याच्या गडग्यांमधली, दगडी कुंपणांमधली वाट त्याने कुणालाही विचारली नाही. सरळ चालत गेला.

हे मी घरी बोलले आणि चुकले. वडील संध्याकाळी फिरायला म्हणून एसटी स्टँडजवळच्या त्याच्या लॉजवर जाऊन तिथलं रजिस्टर बघून आले.

"धंदा काय लिहिलाय त्याने? व्यापारी! अगो, तो लँडिंगचा नकाशा काढून घेतोय तुझ्याकडून. घड्याळं उतरतील, सोनं उतरेल, आणि कस्टमवाले येतील ते आपल्या दारात. चित्रं कुणाच्या हातची? तुझ्या!"

त्या काळात असल्या चोरून उतरवलेल्या मालाच्या गोष्टी किनाऱ्यावर रोज ऐकू यायच्या. मी हसले खरी, पण दुसऱ्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक वाक्याला मीही कान लावायला लागले. 'फिल्मवाला सांगितलं की लोक लॉजवर गर्दी करतात,' असं त्याने व्यापारी लिहिण्याचं कारण दिलं. पटण्यासारखं होतं. तेच मला खटकलं.

सगळ्यात जास्त खटकली ती दोराची चौकट. मचव्याला मागे लहान होडी बांधलेली असते, तिचा दोर तुटतो, एवढाच शॉट. फक्त दोराचं टोक, चौकटभर. ते त्याने माझ्याकडून पुन्हा पुन्हा काढून घेतलं. "अजून विसकटू द्या. सुंभाचा एकेक धागा सुटलेला दिसला पाहिजे." बाकी चित्रांना इतका हट्ट नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "हे लांबूनही दिसायला हवं."

सुट्टी संपत आली तेव्हा त्याने सांगितलं की ही चित्रं कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला दाखवायची आहेत. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. दर्यावरची काही चूक राहिली असेल तर तो सांगेल. आधी दोनदा फिल्मवाला त्याच्याकडे जाऊन आला होता, पण म्हाताऱ्याने "आठवत नाय" याखेरीज तोंड उघडलं नव्हतं. मी जाते म्हटल्यावर वडीलही टोपी घालून निघाले. एकटीला सोडायची त्यांची तयारी नव्हती.

दुपारची वेळ. तांडेल घरापुढच्या खळ्यात जाळं सांधत बसला होता. फिल्मवाल्याने चौकटी क्रमाने शेणाने सारवलेल्या जमिनीवर मांडल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर शिंपला ठेवला. मी पहिल्यांदाच सगळी गोष्ट सलग बघत होते. कौलांनी भरलेला मचवा खाडीच्या तोंडाशी येतो. वादळ उठतं. मचवा वाळूवर आपटतो, फुटतो. माणसं मागच्या होडीत उड्या टाकतात. एक जण मागे राहतो, तो दोराला धरून होडीकडे येऊ लागतो. दोर तुटतो. होडी वाचते. तो माणूस जातो.

सोनं नव्हतं, घड्याळं नव्हती. मी वडिलांकडे पाहिलं, तर ते चित्रांकडे न बघता तांडेलाकडे बघत होते.

तांडेल आधी बसल्या जागेवरून बघत होता. मग जाळं बाजूला ठेवून उठला. "शीड उतरवलं व्हतं," एका चौकटीकडे बोट दाखवून म्हणाला. फिल्मवाल्याने मान डोलवली. म्हातारा पुढे सरकला आणि दोराच्या चौकटीपाशी उभा राहिला. मग माझ्याकडे वळून, जणू शाळेतल्या मुलीची चूक दाखवावी तसं म्हणाला, "ह्यो असा नव्हता, बाय. तुटला नाय तो. कापला."



"कुणी?" फिल्मवाल्याने विचारलं.

"मी." म्हाताऱ्याने खाली बसून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मचवा खाली चालला व्हता, होडीला ओढीत. सगळी गेलो असतो. तो दोरावर व्हता. माझ्याकडं बघत व्हता." मग त्याने मान वर केली. "तू त्याचाच पोरगा न? पयल्या दिशी वळखला मी तुला. चाल तीच हाय."

 फिल्मवाल्याने शिंपले बाजूला करून एकेक कागद उचलला. क्रम चुकला नाही. आई त्याला लहानपणीच मुंबईला घेऊन गेली होती, दोर तुटला एवढंच त्याला सांगून, हे त्याने परतीच्या वाटेवर सांगितलं.

मी थांबले. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. म्हाताऱ्याने चूक काढावी म्हणून तो दोर माझ्याकडून विसकटून घेतलात."

"ठाऊक नव्हतं. संशय होता. दोर तुटला असता, तर लोक त्याबद्दल बोलले असते ना? इथे आईलासुद्धा 'दोर तुटला' यापुढे कुणी काही सांगितलं नाही."

"मग फिल्म?"

"करायची आहे," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

 घरी हातपाय धुताना वडील म्हणाले, "तेव्हा मी बंदरावरच होतो. वाचलेल्यांचे जबाब मीच घेतले. सगळे म्हणाले दोर तुटला. अख्ख्या जगाचा संशय घेतला मी, त्या दोराचा नाही घेतला."

फिल्मवाला दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेला. चित्रं घेऊन गेला. पत्ता ठेवून गेला.

शाळा सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी तांडेल शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. धुतलेला सदरा घातला होता.

"आता ते चित्र बदलणार न?"

"बदलायला त्यांनी अजून सांगितलेलं नाही."

"बदल. आन कापणाऱ्याचं तोंड काढ त्यात. नुसता हात काढशील तर लोक म्हणतील, कुणाचा पन असंल. त्या होडीत आणखी माणसं व्हती. त्यांची पोरं हितं नांदतात."

चित्रकलेच्या वर्गात, मुलांच्या बाकावर बसवून मी त्याचा चेहरा काढला. तो अगदी स्थिर बसला. मग तो चेहरा तरुण करून मी चौकटीत घातला, हातात कोयता दिला. त्याने कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "कोयता नाय. सुरी व्हती," म्हणाला आणि मी खोडून सुरी काढीपर्यंत थांबला.

ते चित्र मी मुंबईला पाठवलं. पोचल्याचं एक ओळीचं उत्तर आलं. फिल्म झाल्याचं कधी कानावर आलं नाही. झाली असती तर रत्नागिरीत नक्की कळलं असतं. तो फिल्म करायलाच आला होता की नाही, याची मला आजही खात्री नाही. वडिलांना मात्र नंतर तशी शंका कधी आली नाही. कुणी विचारलं की ते सांगायचे, "आमच्या मुलीने एका फिल्मचं काम केलंय."