वांग्यांवरचे इंग्रजी

मुलांनो, इन, ऑन, अंडर हे तुम्हाला कुणी शिकवले नाही. तिकडे परदेशात ते हवेतच असते. इकडे ते शिकवावे लागे. कसे, ते तुम्ही परवा फोनवर विचारले आणि लाइन तुटली. उत्तर असे की वांग्यांनी.

पन्नासच्या दशकात मी मूल नावाच्या गावी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. नोकरी कच्ची होती. वडिलांनी एका वर्षाची मुभा दिली होती. शाळा तपासायला येणाऱ्या डिप्टी साहेबांना माझा तास पटला तर मी कायम होणार होते, नाहीतर घरी परत. घरी एक मुलगा पाहून ठेवला होता. तो तुमचा आजोबा नव्हे.

वर्गात बहुतेक मुली धान पिकवणाऱ्या घरांतल्या होत्या. ऑन आणि ओव्हर त्यांना एकच वाटे, कारण आपण दोन्हीला ‘वर’ म्हणतो. शाळेमागे वांगी लावलेली होती. मी एक वांगे टेबलावर ठेवायची आणि एक टेबलाच्या वर हातात धरायची.

“हे कशाले टेकलं आहे?” मी विचारायची. त्यांच्यासारखेच बोलायची.

“कशालेच नाई, बाई.”

“मग ते ओव्हर.”

एवढे त्यांना पटे. ॲट मात्र वांग्याने दाखवता येत नसे.

साहेब आले ते बूट, टाय आणि सोला हॅट घालून. हॅट त्यांनी टेबलावर उलटी ठेवली.

“हा काय बाजार मांडलाय? उचला ही वांगी. वर्गातल्या वस्तू वापरा.”

मी वांगी खिडकीत ठेवली. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला उभे केले आणि तिच्या हातात पुस्तक दिले.

“पुट द बुक अंडर द टेबल.”

तिने टेबलाखाली पाहिले. तिथे साहेबांचे बूट होते. तिने पुस्तक टेबलावर ठेवले आणि सरळ केले.

साहेबांनी पुन्हा तेच सांगितले. तिने ते पुन्हा सरळ केले.

“स्टँड ऑन द चेअर.” साहेब खुर्चीवरून उठले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

ती खुर्चीपाशी गेली आणि खुर्चीच्या पाठीला हात लावून बाजूला उभी राहिली. मागून कुजबुज आली, “चढू नको वं, साहेबाची खुर्ची आहे.”

“बाई,” साहेब मला म्हणाले, “हिला अंडर येत नाही, ऑन येत नाही. वर्षभर केलंत काय?”

“तिला दोन्ही येतं, सर.”

“पुस्तक खाली काऊन नाई ठेवलं, सांग साहेबाले,” मी तिला म्हटले.

“पुस्तकाले पाय लागन ना, बाई.”

साहेबांना हे कारण अभ्यासक्रमाबाहेरचे वाटले. “इंग्रजी शिकायचं तर आज्ञा पाळायची. मी दाखवतो. वॉच.” ते पुस्तक घेऊन वाकले. वाकताना पुस्तक हातातून निसटले, बुटावर आपटले आणि जमिनीवर पडले. साहेबांनी ते पटकन उचलले आणि दोन्ही हातांनी कपाळाला लावले. डोळेही मिटले.

मुलीला वाटले, पुस्तक कुठे आहे ते आता आपण सांगायचे असेल.

“द बुक इज ऑन द हेड, सर.”

मी खिडकीकडे पाहिले. साहेबांनी पुस्तक खाली घेतले, टेबलावर ठेवले आणि सरळ केले.

“ती वांगी द्या,” ते खुर्ची ओढून बसत म्हणाले.

मग सगळे नीट झाले. अंडर म्हटले की वांगे बुटांशेजारी गेले. ऑन म्हटले की टेबलावर आले. ओव्हर म्हटले तेव्हा तिने ते इतक्या उंच धरले की साहेबांना मान वर करावी लागली. शेवटी साहेब म्हणाले, “नाऊ इन.”

कशात ठेवावे म्हणून तिने इकडेतिकडे पाहिले. टेबलावर हॅट उलटी होती. वांगे हॅटमध्ये गेले.

साहेबांनी हॅटमध्ये डोकावून पाहिले.

“करेक्ट,” ते म्हणाले.

निघताना त्यांनी वांगे काढून माझ्या हातात दिले. “तुमचं कायमचं मी लिहून टाकतो. तेवढं खुर्चीवर चढण्याचं पुढल्या वेळी विचारणार नाही.”

घरी येत नाही असे मी वडिलांना कळवले. मग ॲट शिकवायला घेतले. त्या तेहतीस मुलींच्या वर्गापासून निवृत्तीपर्यंत त्याला चालेल अशी भाजी मला सापडली नाही.